पाच काविळी, पाच कुळे: प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा विषाणूंचा तक्ता

आपला प्रश्न मला समजला तो असा. कोपरखैरण्याच्या एका छोट्या निदान-प्रयोगशाळेत आपण तंत्रज्ञ आहात आणि नमुने हाताळणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी भिंतीवर विषाणूंचा एक तक्ता लावायचा आहे. आपल्या डीएमएलटीच्या (प्रयोगशाळा-तंत्रज्ञ पदविकेच्या) पुस्तकात डीएनए विषाणू आणि आरएनए विषाणू असे दोनच भाग आहेत, दुसऱ्या पुस्तकात बाल्टिमोरचे सात गट आहेत, तिसऱ्यात कुळे व प्रजाती आहेत, आणि अलीकडच्या यादीत तर ओळखीची नावेच बदललेली दिसतात. यांतले बरोबर वर्गीकरण कोणते, आणि हिपॅटायटिस डी, व्हायरॉइड व प्रायॉन यांना कोणत्या रकान्यात बसवावे, असे आपण विचारले आहे.

मी ठाण्यात गेली सव्वीस वर्षे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी नवीन माणूस विचारतोच. माझ्या मते खरी अडचण अशी आहे की आपण एकच कपाट शोधत आहात, ज्यात प्रत्येक विषाणूला एक आणि एकच कप्पा असेल. पण ही सगळी वर्गीकरणे वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या प्रश्नांसाठी केलेली आहेत. डॉक्टरला आजार हवा असतो, पीसीआर, म्हणजे जनुकद्रव्याच्या प्रती वाढवून शोधण्याची कसोटी, करणाऱ्याला जनुकद्रव्य हवे असते, सांडलेला नमुना पुसणाऱ्याला बाहेरचे आवरण हवे असते, आणि उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्याला वंश हवा असतो. म्हणून कोणते वर्गीकरण बरोबर हे ठरवण्याआधी आपला तक्ता रोज कोण आणि कशासाठी वाचणार आहे, हे ठरवावे लागते. आपल्याकडे पीसीआर होते की फक्त रॅपिड कार्ड आणि एलायझा या प्रतिजन-प्रतिपिंडांच्या कसोट्या, यावरही उत्तर थोडे बदलेल.

आधी माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी नमुन्यांची नोंदवही आजारांनुसार लावली होती, आणि त्यात ‘कावीळ’ असा एक विभाग होता. वाचायला सोपा होता, सगळ्यांना आवडलाही. एका पावसाळ्यात काविळीच्या रुग्णाचा शौचाचा नमुना टेबलावर सांडला आणि आमच्या शिकाऊ मुलीने तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घेतला, कारण आदल्याच आठवड्यात काविळीचे सीरम (रक्तातला द्रव) सांडले तेव्हा मी तेच करताना तिने पाहिले होते. तिचा तर्क वहीप्रमाणे अगदी बरोबर होता. चुकली होती ती वही, आणि खरे तर सीरमवर स्पिरिट मारून थांबणारी मीसुद्धा.

काविळीचे पाच मुख्य विषाणू ए, बी, सी, डी, ई अशा अक्षरांनी ओळखले जातात, आणि अक्षरांची ही माळ पाहून ते पाच भाऊ आहेत असे वाटते. प्रत्यक्षात त्यांची कुळे पाच आहेत. ए हा पिकोर्नाव्हिरिडी कुळातला, म्हणजे पोलिओच्या विषाणूचा नातेवाईक. बी हा हेपॅड्नाव्हिरिडीतला. सी हा फ्लॅव्हिव्हिरिडीतला, म्हणजे डेंग्यूच्या कुळातला. ई हा हेपेव्हिरिडीतला. आणि डी तर आता कोल्मिओव्हिरिडी नावाच्या स्वतंत्र कुळात गेला आहे. यकृत हे एकच घर पाचांनी निवडले, एवढाच त्यांचा संबंध. ए आणि ई दूषित पाण्यातून व अन्नातून येतात, शौचातून बाहेर पडतात, आणि शौचात असताना त्यांच्यावर स्निग्ध आवरण नसते. बी, सी आणि डी यांच्यावर ते असते. अल्कोहोल आणि साबण प्रामुख्याने या स्निग्ध आवरणावर घाव घालतात. आवरण नसलेल्या विषाणूचे नुसते प्रथिनकवच त्यांना फारशी दाद देत नाही, आणि तेथे ताजे हायपोक्लोराइट (ब्लीचचे द्रावण), पुरेसा वेळ टेकवून, हेच भरवशाचे असते. सांडलेल्या रक्तासाठीही आमचा नियम आज तोच आहे, कारण रक्ताचा थर असला की स्पिरिट आत पोहोचत नाही.

आवरणाचा हा निकषही पूर्ण निखळ नाही. ए आणि ई हे रुग्णाच्या रक्तात फिरत असतात तेव्हा पेशीच्या पटलाचा एक पदर पांघरून फिरतात, आणि पित्तमार्गे आतड्यात उतरताना तो टाकून देतात. म्हणजे एकच विषाणू सीरममध्ये पांघरलेला आणि शौचात उघडा असू शकतो. हे नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगू नये, पण तक्ता करणाऱ्याला ठाऊक असावे.

आता बाल्टिमोरच्या गटांकडे येऊ, कारण पीसीआरच्या टेबलावर त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये एक साधा विचार मांडला. विषाणू कोणताही असो, त्याला स्वतःची प्रथिने बनवण्यासाठी यजमान पेशीची यंत्रणाच वापरावी लागते, आणि ती यंत्रणा फक्त संदेशवाहक आरएनए वाचते. तेव्हा आपल्या जनुकद्रव्यापासून संदेशवाहक आरएनएपर्यंत विषाणू कोणत्या वाटेने पोहोचतो, एवढेच पाहावे. मूळ मांडणीत सहा वाटा होत्या, सातवी नंतर जोडली गेली. दुपदरी डीएनए, एकपदरी डीएनए, दुपदरी आरएनए, थेट वाचता येणारा धन आरएनए, आधी उलटवावा लागणारा ऋण आरएनए, डीएनएमार्गे जाणारा आरएनए, आणि आरएनएमार्गे जाणारा डीएनए, असे ते सात गट आहेत.

यात पाठांतर करण्यासारखे फार नाही, पण परिणाम पुष्कळ आहेत. चौथ्या गटातला, म्हणजे धन आरएनए असलेला डेंग्यू किंवा हिपॅटायटिस ए, यांचा आरएनए पेशीत शिरताच थेट वाचला जातो. म्हणून त्याचा शुद्ध केलेला आरएनएसुद्धा योग्य पेशीत पोहोचवला तर संसर्ग घडवू शकतो. पाचव्या गटातल्या रेबीज, गोवर किंवा इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंचे तसे नाही. त्यांना आपले पॉलिमरेज विकर (जनुकद्रव्याची प्रत काढणारे प्रथिन) कणाबरोबर घेऊनच यावे लागते, आणि नुसता आरएनए निष्प्रभ असतो. पीसीआरपुरते बोलायचे तर सी किंवा डेंग्यूसाठी आधी आरएनएचे डीएनएत रूपांतर करण्याची पायरी हवी, हिपॅटायटिस बीच्या व्हायरल लोडसाठी (रक्तातल्या विषाणूच्या मोजणीसाठी) ती नको. सहाव्या गटातल्या एचआयव्हीच्या बाबतीत तर काय शोधायचे यावर उत्तर ठरते: उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या प्लाझ्मात आपण आरएनए मोजतो, पण बाधित मातेच्या तान्ह्या बाळाच्या वाळवलेल्या रक्तठिपक्यात पेशींमध्ये बसलेला डीएनएही शोधला जातो. ‘एचआयव्ही हा आरएनए विषाणू’ हे पुस्तकातले वाक्य खरे आहे आणि अपुरेही आहे.

डीएनए आणि आरएनए अशी सरळ फाळणी का फसते, याचे माझे आवडते उदाहरण पुन्हा हिपॅटायटिस बीचेच आहे. त्याचे जनुकद्रव्य सुमारे ३२०० अक्षरी, काही भागात दुपदरी असे डीएनए आहे, म्हणून जुन्या पुस्तकांत तो देवी आणि नागिणीच्या विषाणूंच्या शेजारी बसतो. पण तो आपली नवी प्रत थेट डीएनएवरून काढत नाही. आधी आरएनए बनवतो आणि त्यावरून उलट्या दिशेने डीएनए लिहितो. हे काम करणारे त्याचे विकर एचआयव्हीच्या विकराच्या नात्यातले आहे. म्हणूनच लॅमिव्हुडिन आणि टेनोफोव्हिर ही औषधे दोन्ही विषाणूंवर चालतात, आणि म्हणूनच दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णाची एचआयव्हीची औषधे बदलताना डॉक्टर आधी हिपॅटायटिस बीचा अहवाल मागतात. विषाणू वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीटीव्ही, हिने आज हिपॅटायटिस बीला रायबोव्हिरिया नावाच्या सर्वोच्च गटात ठेवले आहे, ज्यात बहुतेक सगळे आरएनए विषाणू येतात. डीएनए बाळगणारा विषाणू आरएनएवाल्यांच्या घरात का, हे विकराचे नाते पाहिल्याशिवाय कळत नाही.

आयसीटीव्हीची पद्धत वंशावळीची आहे. ही समिती १९६६ मध्ये मॉस्को येथील सूक्ष्मजीवशास्त्राच्या परिषदेत स्थापन झाली. त्याआधी कणाचा आकार, कवचाची सममिती, आवरण आहे की नाही, अशा दिसणाऱ्या गोष्टींवर भर होता, आणि अनेक दशके समितीची उतरंड गण, कुल, प्रजाती, जाती एवढ्यापुरतीच होती. जनुकक्रम स्वस्तात मिळू लागल्यावर चित्र बदलले. २०१८ मध्ये रायबोव्हिरिया हा पहिला ‘रिअल्म’ आला, पाठोपाठ आणखी काही आले, आणि आता रिअल्मपासून जातीपर्यंत मुख्य व उप मिळून पंधरा पायऱ्या आहेत. एक सावधगिरी येथे सांगते. आपल्या शालेय पुस्तकांत जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती, पण वर्तमानपत्रे सर्रास उलटे लिहितात. तक्त्यावर शालेय पुस्तकाचीच संज्ञा ठेवा, नाहीतर मुलांचा गोंधळ होईल.

जिवाणूंच्या बाबतीत सर्वांमध्ये असणारे एक जनुक घेऊन एकच वंशवृक्ष काढता येतो. विषाणूंत असे एकही जनुक नाही जे सर्वांत सापडते. त्यांचा उगम एकाहून अधिक वेळा झाला असे मानले जाते. त्यामुळे रिअल्म एकमेकांना कुठे जोडलेले नाहीत, आणि सगळ्या विषाणूंचा मिळून एक वृक्ष कोणी काढून देईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. सजीवांचे पाच गट पाडणाऱ्या व्हिटेकर यांच्या १९६९ च्या पंचसृष्टीत विषाणूंना जागा नाही, हेही याच्याशी सुसंगत आहे.

वंशावळीचा निदानाला काय उपयोग, असे वाटत असेल तर पावसाळ्यातला ताप आठवा. डेंग्यू आणि चिकुनगुन्या एकाच एडिस डासातून येतात, एकाच महिन्यात येतात, आणि दोघांचा एकत्र रिपोर्ट मागवला जातो. तरीही डेंग्यू फ्लॅव्हिव्हिरिडीतला आणि चिकुनगुन्या टोगाव्हिरिडीतला. त्यामुळे एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या एलायझात सहसा गोंधळ घालत नाहीत. याउलट डेंग्यू, झिका आणि जपानी मेंदूज्वर हे एकाच प्रजातीतले आहेत, आणि पूर्वी यांपैकी एकाचा संसर्ग झालेल्या किंवा मेंदूज्वराची लस घेतलेल्या माणसाचे सीरम दुसऱ्याच्या कसोटीत हलके पॉझिटिव्ह येऊ शकते. असा काठावरचा आयजीएम (ताज्या संसर्गाचे प्रतिपिंड) आला की मी डासाचा विचार करत नाही, कुळाचा करते, आणि एनएस१ (डेंग्यू विषाणूचेच एक प्रथिन) किंवा पीसीआर पाहिल्याशिवाय तोंड उघडत नाही. त्याच काळात येणारा लेप्टो मात्र आपल्या तक्त्यात घेऊ नका. तो जिवाणू आहे, फक्त पावसाळ्याचा सोबती आहे.

नावे बदलली त्याचे कारणही येथेच आहे. २०२१ पासून आयसीटीव्हीने जातीचे नाव दोन शब्दांचे असावे असा नियम केला. फ्लॅव्हिव्हायरस ही प्रजाती ऑर्थोफ्लॅव्हिव्हायरस झाली, कारण कुळाचे आणि प्रजातीचे नाव बोलताना एकसारखे ऐकू येत असे; डेंग्यूची जात ऑर्थोफ्लॅव्हिव्हायरस डेंगुएई झाली. पण जातीचे नाव हे कप्प्याचे नाव आहे, आणि विषाणूचे नाव हे त्या कप्प्यातल्या वस्तूचे. रुग्णाच्या रक्तात डेंग्यू विषाणूच सापडतो आणि रिपोर्टवर तेच लिहायचे. शिवाय जातीचा कप्पा दवाखान्याच्या कामासाठी अनेकदा फार मोठा पडतो. डेंग्यूचे चारही सेरोटाइप (प्रतिपिंडांवरून ओळखले जाणारे उपप्रकार) एकाच जातीत आहेत, आणि दुसऱ्या वेळी वेगळ्या सेरोटाइपचा डेंग्यू झाल्यास धोका वाढतो हे जातीचे नाव सांगत नाही. २००३ चा सार्सचा विषाणू आणि सार्स-कोव्ह-२ हेही एकाच जातीत मोडतात. जातीखालचे सेरोटाइप, जनुकप्रकार, इन्फ्लुएन्झाचे एच आणि एन प्रकार, हे सगळे आयसीटीव्हीच्या कक्षेबाहेर आहे. त्या त्या विषाणूवर काम करणाऱ्या गटांनी ते ठरवलेले आहे.

आता कुठल्याच कप्प्यात नीट न बसणाऱ्यांविषयी. हिपॅटायटिस डी हा १९७७ मध्ये इटलीत मारिओ रिझेट्टो यांना प्रथम एक अनोळखी प्रतिजन म्हणून दिसला. त्याचे जनुकद्रव्य सुमारे १७०० न्यूक्लिओटाइडांचे (अक्षरांचे), वर्तुळाकार आरएनए आहे. त्याच्याकडे स्वतःचे पॉलिमरेज नाही, ते तो पेशीचे वापरतो. स्वतःचे आवरणही नाही, ते तो हिपॅटायटिस बीकडून घेतो. म्हणून एचबीएसएजी (बीच्या आवरणावरचे प्रतिजन) निगेटिव्ह असलेल्या रुग्णात डेल्टाची, म्हणजे डीची, कसोटी मागितली तर मी आधी फोन करून विचारते, आणि म्हणूनच बीची लस डीपासूनही वाचवते. जुनी पुस्तके त्याला बीचा उपग्रह, म्हणजे दुसऱ्या विषाणूच्या आधारानेच वाढणारा, म्हणत. पुढे बदकांत आणि सापांत त्याचे नातेवाईक सापडले, तेही बीसारखा विषाणू सोबत नसताना, आणि आता त्याच्यासाठी रायबोझिव्हिरिया हा स्वतंत्र रिअल्म आहे. आपल्या तक्त्यात मात्र त्याला बीच्या ओळीला लागूनच लिहा, कारण आपल्याकडे येणारा प्रत्येक डी बीबरोबरच येतो.

खऱ्या अर्थाने उपग्रह पाहायचा असेल तर वाशीच्या भाजी बाजारात येणाऱ्या भेंडीचा विचार करा. शेतकरी ज्याला भेंडीवरचा केवडा किंवा हळद्या म्हणतात, ज्यात पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, तो पांढऱ्या माशीने पसरणारा एकपदरी डीएनए विषाणू आहे. पण त्याच्यासोबत बीटासॅटेलाइट नावाचे एक छोटे, जेमतेम १३५० न्यूक्लिओटाइडांचे वर्तुळ असते. ते स्वतःची प्रत काढू शकत नाही, स्वतःचे कवचही बनवू शकत नाही, पण ते नसेल तर विषाणू एकट्याने शिरा तशा पिवळ्या करू शकत नाही. रोग कोणाचा म्हणावा, मालकाचा की पोटभाडेकरूचा, हा प्रश्न मला अजून गमतीचा वाटतो. अशा उपग्रहांनाही आयसीटीव्हीने कुळे दिली आहेत.

व्हायरॉइड याहून साधे आहेत. थिओडोर डायनर यांनी १९७१ मध्ये बटाट्याच्या एका रोगाच्या संदर्भात हे नाव दिले. ३५९ न्यूक्लिओटाइडांचे उघडे, वर्तुळाकार आरएनए, ना कवच, ना एकाही प्रथिनाची सूचना. नारळाला मारणारा फिलिपिन्समधला व्हायरॉइड तर २४६ न्यूक्लिओटाइडांचा आहे. त्यांची कुळे दोन, केंद्रकात वाढणारे आणि हरितलवकात वाढणारे. वनस्पतींखेरीज कोणाला त्यांचा रोग होत असल्याचे आढळलेले नाही, म्हणून निदान-प्रयोगशाळेच्या तक्त्यात त्यांना एक ओळ पुरे.

प्रायॉन मात्र वगळू नका, तो कधीच दिसणार नसला तरी. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये हे नाव दिले आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. येथे जनुकद्रव्यच नाही. आपल्याच मेंदूतले एक प्रथिन चुकीची घडी घेते आणि शेजारच्या प्रथिनांना तशीच घडी घालायला लावते. जनुकद्रव्य नसल्याने बाल्टिमोरचा गट नाही, वंशावळ नाही, आणि विषाणूंच्या उतरंडीत जागाही नाही. त्यांचे वर्गीकरण आजारावरून, यजमानावरून, आणि घडीच्या प्रकारावरून केले जाते. आपल्यासाठी महत्त्वाचे एवढेच की अल्कोहोल आणि फॉर्मॅलिन त्यांना निष्क्रिय करत नाहीत, आणि १२१ अंशांचा नेहमीचा ऑटोक्लेव्ह भरवशाचा नाही. १३४ अंशांवर १८ मिनिटे किंवा एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड अशा कडक पद्धती लागतात. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या प्रायॉनच्या आजाराचा संशय असलेले मेंदूजल आले, तर उघडण्याआधी वरिष्ठांना विचारावे, ही ओळ तक्त्यावर लाल शाईने हवी.

विषाणू म्हणजे काय याचीच सीमा किती वेळा हलली, हेही मुलांना कधीतरी सांगा. १८९२ मध्ये इव्हानोव्हस्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि तो तरीही रोग देत राहिला. तेव्हापासून ‘गाळणीतून जाणारे’ हीच ओळख होती. त्या काटकसरी व्याख्येमुळे रिकेट्सिया आणि क्लॅमिडिया हे पेशीतच वाढणारे चिमुकले जिवाणू बराच काळ विषाणूंच्या पंगतीला बसले. आणि १९९२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड येथे शीतमनोऱ्याच्या पाण्यातल्या अमिबात सापडलेला एक मोठा कण जिवाणू समजून पडून राहिला. तो मिमीव्हायरस आहे हे २००३ मध्ये कळले.

तर आपला तक्ता असा करा. ओळी विषाणूंच्या रोजच्या नावाने लावा, पण आजारानुसार गट पाडू नका. पहिल्या रकान्यात कुळ, दुसऱ्यात बाल्टिमोरचा क्रमांक, तिसऱ्यात आवरण आहे किंवा नाही, चौथ्यात सांडल्यास काय वापरायचे. एकाच कुळातल्या ओळी शेजारी ठेवा, म्हणजे डेंग्यू, झिका आणि जपानी मेंदूज्वर आपोआप एकत्र येतील, आणि रेबीजच्या शेजारी १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातून मिळालेला चांदीपुरा विषाणू येईल. आपल्याकडे पीसीआर नसेल तर दुसरा रकाना अरुंद चालेल, चौथा मात्र रुंद हवा. खाली रेघ मारून उपग्रह, व्हायरॉइड आणि प्रायॉन लिहा. जातीची दोन शब्दांची नावे शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने लिहा आणि कोपऱ्यात महिना व वर्ष टाका, कारण आयसीटीव्हीची यादी दरवर्षी नव्याने निघते आणि लॅमिनेट केलेला तक्ता खोडता येत नाही.